शिट्टीचा नियम

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल असं गृहीत धरते. इकडे सगळं ठीक. बाबांचं खाणंपिणं व्यवस्थित आहे, रक्तदाब आवाक्यात आहे, मीही धडधाकट आहे.

पाकीट बघून दचकू नकोस, नवीन कोणी आजारी पडलेलं नाही. फोन केला की बाबांना तुझा आवाज ऐकायचा असतो, म्हणून स्पीकर लावावा लागतो. मग आपण हवापाण्यावर बोलतो. मेसेज केला तर तू अंगठा पाठवतोस. म्हटलं, पत्र लिहू. पत्र वाचायला तरी बूड टेकावं लागेल तुला.

बातमी अशी की आपला डबा, लहानपणीचा तो कॉम्प्युटर, सापडला! माळ्यावर आईच्या शिलाई मशीनमागे होता. धूळ पुसून टीव्हीला जोडला, तर नुसता लाल दिवा लावून माझ्याकडे बघत बसला. पडद्यावर काही नाही. आपल्या फ्लॉपींना तर बुरशी आली आहे. तुझं ते राक्षसांचं तळघर गेलं बघ, मी इतकी सुंदर काढलेली वटवाघळं त्यातच होती.

पण खरी गंमत पुढे आहे. कोणा हौशी माणसांनी आपला तो गेम बनवायचा संच हल्लीच्या कॉम्प्युटरवर चालेल असा करून ठेवलाय, फुकट. तेच सोळा रंग, तीच चौकटींची पाटी, एकेक ठिपका भरत चित्र काढायचं. चूक झाली की तोच रेकल्यासारखा आवाज. तो ऐकला आणि मी खुर्चीत एकटीच हसत सुटले. बाबांना वाटलं मला वेड लागलं.

तेव्हा तू नियम लिहायचास आणि मी चित्रं काढायची. "पेन्सिल, तू झाडं काढ, डोकं मी चालवतो," असं म्हणायचास. तर ऐक, आता डोकंही मीच चालवते. दुपारी बाबा झोपले की बसते. अमुक झालं तर तमुक कर, एवढंच तर असतं त्यात. तू उगाच त्याचा बाऊ करून ठेवला होतास.

गेम आपल्या घराचाच केलाय. दुसरं काय करणार, समोर तेच आहे. स्वयंपाकघर, मधली खोली, बाबांची खोली, जिना, फाटक. खेळाडू म्हणजे मी. केस विस्कटलेले, कारण सोळा रंगांत नीट केस येत नाहीत (आणि आरशातही येत नाहीत). पाणी, गोळ्या, चष्मा, वर्तमानपत्र असं एकेक गोळा करून बाबांना नेऊन द्यायचं.

आणि शिट्टी. तुला शिट्टीचं माहीत नाही, तू भेटून परत गेल्यानंतर सुरू झालं ते. झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून शब्द अर्धेच येतात आणि हाका मारताना चिडतात. मग एक दिवस मी त्यांची शाळेतली शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली. काय खूश झाले! खेळाचे मास्तर परत मैदानावर. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की बाथरूम. लांब वाजली की काही नको असतं, मी आहे का ते बघायचं असतं. दिवसभर लांबच वाजते.

गेममध्येही ती आहे. केव्हाही वाजते, आणि वाजली की खेळाडू जिथे असेल तिथून उचलला जाऊन बाबांच्या पलंगापाशी येतो. मला हा नियम लिहिताना भारी मजा आली.

पेनड्राइव्ह पाकिटात आहे, बाबांच्या मोज्यात गुंडाळलेला. मोजा धुतलेला आहे. खेळून सांग.

तुझी,
पेन्सिल


२० फेब्रुवारी

दादा,

नमस्कार वगैरे. काल तू फोनवर म्हणालास, "चित्रं एक नंबर, पण पेन्सिल, मोठा बग आहे त्यात. फाटकापर्यंत गेलं की परत खोलीत. बाहेर पडताच येत नाही. दोन-तीनदा बघितलं आणि बंद केलं." मी हसले. स्पीकर चालू होता, बाबा ऐकत होते, हसण्यावाचून काय करणार?

दादा, तो बग नाही.

मागच्या आठवड्यात मी केस कापायला गेले होते. शेजारच्या शिंपीणबाई बाबांजवळ बसल्या होत्या. खुर्चीत बसले, त्या मुलीने निम्मे केस कापले आणि मला शिट्टी ऐकू आली. एवढ्या लांब ऐकू येणं शक्यच नाही, हे मला कळत होतं. तरी उठले. गळ्यातलं कापड काढून तिच्या हातात दिलं आणि घरी आले. बाबा गाढ झोपलेले आणि शिंपीणबाई शांतपणे हातशिलाई करत बसलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, डाव्या बाजूचे कोणी कापायचे?" उरलेले मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले. परवा व्हिडिओवर तू म्हणालास, नवीन फॅशन का. हो म्हटलं.

बाबांबद्दल तक्रार नाही. ते रागावत नाहीत, अडवत नाहीत. मी जवळ बसले की अर्धवट शब्दांत विनोद करतात आणि ते खरंच चांगले असतात. दिवसभरासाठी बाई ठेवू म्हटलं तर मात्र तोंड फिरवून बसतात, जेवत नाहीत. दोन बायका येऊन गेल्या. मग मीच तो विषय सोडला. कोणीच वाईट वागत नाहीये, आणि तरी मला श्वास पुरत नाही. आंघोळ करताना नळ बारीक ठेवते, शिट्टी ऐकू यावी म्हणून. आतून कडी लावणं कधी सोडलं ते आठवतही नाही.

तू गेम बंद केलास. कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवलंस आणि जेवायला गेलास. मला ती फुली कुठे आहे ते सांग ना.

आता जे लिहिणार नव्हते ते लिहिते. आमच्या जुन्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला होता. त्यांनी दुसऱ्या गावात नवीन ऑफिस काढलंय आणि हाताने नकाशा काढता येणारं माणूस त्यांना हवंय. म्हणाले, "तुझ्यासारखी रेघ कोणाची नाही, ये. एप्रिलपर्यंत जागा धरून ठेवतो." मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि मटार सोलत बसले. सोललेले मटार कचऱ्यात आणि सालं पातेल्यात टाकत होते, बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

बाबांना सांगितलेलं नाही. तुला एक विचारायचं होतं, पण राहू दे. तुझा उत्तर देतानाचा आवाज मला पाठ आहे. "बघतो ना, हे काम संपू दे."

गेम दुरुस्त करणार नाही.

पेन्सिल


८ मार्च

प्रिय दादा,

तुझा अंगठा मिळाला. मागच्या पत्राला अंगठा! कपाळावर हात मारून घेतला. नंतर तू "बोलू निवांत" असंही लिहिलंस. निवांत तू आहेस, मी नाही. म्हणून हे शेवटचं लिहिते आणि यात विचारणा नाही.

झालं असं. फोनवरचं तुझं ते बगचं बोलणं बाबांच्या डोक्यात बसलं होतं. मग एका दुपारी झोपायच्या ऐवजी कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, "मी... खेळ." मी त्यांना उशीला टेकवून बसवलं, कळफलक मांडीवर दिला. डावा हात चालतो ना त्यांचा, तेवढा पुरतो.

आधी मला स्वयंपाकघरात फिरवलं. पडद्यावरच्या मला, म्हणजे. पाणी उचललं, गोळ्या उचलल्या, स्वतःला नेऊन दिल्या. पलंगावरच्या त्या टकल्या बाबांना बघून खुदकन हसले, मला म्हणाले, "पोट... मोठं." मग जिना उतरून फाटकाकडे निघाले. शिट्टी वाजली, परत पलंगापाशी. पुन्हा निघाले, पुन्हा शिट्टी. मी म्हटलं, "बाबा, पुरे, दमाल." हात झटकला माझा. शाळेत लांब उडीला पोरांना घासून घ्यायचे तसे हट्टाला पेटले होते. कितीदा गेले देव जाणे. एकदा तर खेळाडूचं बोट फाटकाला लागलंच होतं.

मग थांबले. पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्याकडे खूप वेळ बघत राहिले. मी पाठीमागे उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसता कान दिसत होता, लालबुंद झालेला. म्हणाले, "हा... वाजवतो. म्हणून ती..." पुढचा शब्द आला नाही. मला तो माहीत होता, पण मी तो पुरवला नाही. नेहमी पुरवते.

डाव्या हाताने त्यांनी गळ्यातली दोरी ओढली, ती कानाला अडकली, चष्मा खाली पडला. मी सोडवायला गेले तर रागावले. स्वतःच काढली आणि शिट्टी माझ्या हातात दिली. म्हणाले, "नियम बदल." हे दोन शब्द सलग आले, स्पष्ट. आजारपणानंतर पहिल्यांदा.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले, दादा. मोठ्याने रडले. त्यांनी माझं डोकं थोपटलं, चुकलेल्या बाजूच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कोणी... कापले?"

मग मी साहेबांचं सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी एकच विचारलं, "दादा?" बाहेरच्या बाईला ते अजूनही तयार नाहीत, मान हलवली. पण तुझं नाव त्यांनी घेतलं, मी नाही.

शिट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्यांच्या गळ्यात घातली. पाणी तर लागणारच.

गेम बदललाय. नवीन पेनड्राइव्ह आत आहे, यावेळी मोज्याशिवाय. संचात दोन खेळाडूंची सोय होती, आठवतंय? लहानपणी तू ती कधी वापरू दिली नाहीस, म्हणायचास गोंधळ होतो. दुसरा खेळाडू आता मी काढलाय. कपाळ मोठं आणि हातात फोन, लगेच ओळखशील. आता शिट्टी वाजली की घरात जो असेल तो पलंगापाशी जातो. फाटकाबाहेर मी रस्ता काढलाय, दोन्ही बाजूंना दुकानं, पुढे गाड्यांचा थांबा. तिथवर पहिला खेळाडू जाऊ शकतो. पण दुसरा आत आल्याशिवाय फाटक उघडत नाही. त्याला चालवायच्या कळा तुझ्याकडे आहेत.

तुझं काम कुठूनही होतं. डोंगरावर महिनाभर राहून तुम्ही दोघांनी ते केलंत तेव्हा फोटो पाठवले होते, मी पाहिलेत. मी साहेबांना हो कळवलंय. एकतीस तारखेला सकाळच्या गाडीने निघणार आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे, पलंगाची कुरकुर काढली आहे. आदल्या दिवशी ये. नाही आलास तर काय, हे मला माहीत नाही. बॅग भरून फाटकापर्यंत जाईन आणि शिट्टी वाजली की परत फिरेन, असं वाटतं. मला स्वतःची खात्री नाही, म्हणून तुला लिहितेय.

एकदा वाजली तर पाणी, कोमट. दोनदा वाजली तर पळ. लांब वाजली तर काही न्यायचं नाही. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "आहे, बाबा."

बॅग भरलेली,
तुझी धाकटी