अंगठ्याचा पट्टा

१२ जानेवारी
म्हशीनं लाथ मारली! दूध कट्ट्यावर, ताजं धारोष्ण दूध प्यायला ग्लास घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. धार काढताना उजव्या अंगठ्यातून अशी कळ आली की सड जोरात आवळला गेला. बादली आडवी. एक काका म्हणाले, "पोरी, आज न्हाय हुयाचं तुझ्यानं." मग आई धारेला बसली.

तिनं विचारलं तेव्हा सांगून टाकलं — धारा काढून काढून दुखतंय.

१३ जानेवारी
आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, दोन्ही म्हशी मी काढतो की. तू अभ्यास कर बारावीचा."
केला की! आडवं पडून रील्स बघितल्या. त्याच अंगठ्यानं.

१७ जानेवारी
पेन धरवेना. केमिस्ट्रीचं एक पान लिहायला पाऊण तास! पेपर दहा फेब्रुवारीपासून. खूप रडले.

१९ जानेवारी
डॉक्टर मॅडमनी अंगठा मुठीत घालायला लावला आणि मूठ करंगळीकडे वाकवली. आई गं! "मोबाइल किती वेळ?" म्हटलं, थोडाच. त्यांनी फोनमधला आकडाच काढला — रोज सात तास! आई शेजारीच बसलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हाताला पट्टा, फोन तीन आठवडे बंद.

रिक्षात आई एवढंच म्हणाली, "मग म्हशींवर कशाला ढकललंस गं? मुकी जनावरं ती."

२१ जानेवारी
फोन आईनं शेंगदाण्याच्या डब्यात लपवलाय. शोधला नाही. शेंगदाणे मात्र संपवले.

२ फेब्रुवारी
सलग चार पानं लिहिली, कळ नाही! झोपही लागते आता. होईल, नक्की होईल.

९ फेब्रुवारी
पट्टा सुटला! मॅडम म्हणाल्या, धारही काढ, पण अंगठा न दुमडता, अख्ख्या मुठीनं.

घरी आल्यावर गंमत म्हणून आईला म्हटलं, "आता तुझी परीक्षा. घाल अंगठा मुठीत." हसत हसत घातला. मी मूठ वाकवली — आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी!

"कधीपासनं हाय हे?"

"हाय की चार वर्सं. धारा काढून दुखतंयच."

माझं खोटं कारण तिचं खरं होतं. आणि मी चार आठवडे दोन्ही म्हशी तिच्यावर टाकल्या.

१२ फेब्रुवारी
परवा पहिला पेपर छान गेला. काल आईला मॅडमकडे नेलं. आज कट्ट्यावर धारेला मी — आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत, एका हाताला पट्टा, दुसऱ्या हातात ग्लास घेऊन, आई!