आलोच, दोन मिनिटं

सोमवार, १० मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आईचं गुडघ्यांचं रडगाणं सोडलं तर आम्ही दोघी मजेत. फोनवर मी ऐन वेळी विषय बदलते, हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र.

आधी गंमत सांगते. कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टीम जमवणारी हौशी मंडळी इंटरनेटवर असतात. त्यांच्या यादीत मला तुमची, तुम्ही कंपनीत लिहिलेली सिस्टीम दिसली! बाजारात आली ती नव्हे, तिच्या वर्षभर आधी बाहेर फुटली होती ती, कच्ची. मी ती डाउनलोड केली आणि तुझा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. तो काही केल्या सुरू होईना, तेव्हा दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. कोणाला, ते सांगते. घाई करू नकोस.

काल दुपारी ती चालू झाली. दादा, किती गोड आहे रे! घड्याळाचा सेकंदकाटा उलटा फिरतो. कचऱ्याच्या डब्याचं चित्रच नाही, त्या जागी नुसतं 'इथे डबा' असं लिहिलंय. रंग बदलायला जावं तर अक्षरं गायब. घराला अजून गिलावा व्हायचाय आणि आपण खोल्याखोल्यांतून हिंडतोय, असं वाटत होतं.

मग मी 'बंद करा' दाबलं. एक चौकट आली. बाकीच्या सिस्टीम म्हणतात, 'कृपया थांबा'. तुझी म्हणाली, अगदी तुझ्याच शब्दांत, 'आलोच, दोन मिनिटं!'

खालची हिरवी पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत गेली आणि परत चाळिसावर आली.

मी आईला हाक मारली. तिने चष्मा लावून वाचलं आणि थेट पडद्यालाच म्हणाली, "मेल्या, जेवण गार झालं की रे!" हसता हसता तिला खुर्चीत बसावं लागलं. दुरुस्तीवाला टेबलावर डोकं टेकून हसत होता. "हे वाक्य विक्रीआधी काढून टाकतो म्हणाला होता मला!"

आता कळलं असेल तुला. हो, कंपनीतला तुझा जिवलग, तुझा ढापण्याच.

माहितीच्या चौकटीत त्या प्रतीचा क्रमांक आहे, चौदा. कंपनीने तुम्हा दोघांत मिळून दिलेली ती हीच, त्याच्या नावावर नोंदलेली. फुटली त्या शनिवार-रविवारी ती तुझ्या बॅगेत, आपल्या घरी होती. चौकशीत तू ठामपणे सांगितलंस, "आमच्या घरात कॉम्प्युटर सुरू करता येणारं दुसरं माणूस नाही." मग उरला तो. नोकरी त्याची गेली, आणि तू त्याच्याशी बोलणं टाकलंस.

मला सुरू करता येत होता, दादा.

तू आंघोळीला गेलास की मी चोरून शिकायचे. त्या रविवारी तू केस कापायला गेलास, तेवढ्यात मी तिच्यावरून आणखी एक प्रत काढली. क्लासमधल्या मैत्रिणीला दाखवायची होती. 'हे माझ्या दादाने केलंय', एवढंच सांगायचं होतं. तिने ती तिच्या भावाला दिली आणि तिथून ती सुटली. आधी मी घाबरून गप्प बसले. मग गप्प बसल्याची लाज वाटली, म्हणून आणखी गप्प. अशी वीस वर्षं.

काल हे पहिल्यांदा त्याला सांगितलं. त्याने टेबलावरचे स्क्रू एकेक करून डबीत गोळा केले. मग म्हणाला, "मला वाटायचं, त्यानेच दिली आणि मला पुढे केलं." आणि डबीचं झाकण लावून, "म्हणजे आमचं सगळ्यात पहिलं कौतुक तू केलंस म्हणायचं. चहा तरी कर आता."

आईने मात्र माझा कान पिळला. बेचाळिसाव्या वर्षी!

त्याने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण तीन कप चहा प्यायला आणि तुझ्या खोड्यांचे किस्से सांगत दिवेलागणीपर्यंत बसला. तू माझ्यावर हवं तेवढं रागाव. फक्त त्याच्यावरचा सगळा राग आता माझ्याकडे वळव, तो माझाच होता.

तो निघताना मी कॉम्प्युटरची वायर काढायला गेले, तर म्हणाला, "राहू दे. ज्याने लिहिलंय त्यालाच बंद करू दे." येत्या रविवारी तो जेवायला येतोय. आईने मला बजावून सांगितलंय, ताटं चार मांडायची.

टेबलावर ती हिरवी पट्टी अजून पुढे-मागे करते आहे. या वेळी खरंच ये.

तुझी,
कॉम्प्युटर सुरू करता येणारी बहीण