वरच्या आळीची पाखरे

खालची आळी, श्रीवर्धन
९ सप्टेंबर

तीर्थरूप मोरूमामांस,

दत्तात्रेयाचा दोन्ही पायांना नमस्कार. (मागच्या भेटीत डावा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून एकाच पायाला केला होता, राहिलेलाही यात धरावा.) गुडघा आता वाकतो का? मामीचे पित्त कसे आहे? फोन केला असता, पण मामी तो स्पीकरवर लावते आणि रतनची आत्या म्हसळ्यात तुमच्या भिंतीला भिंत लावून राहते. मजकूर रतनविषयी आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या खालच्या आळीला एक तळे आणि रतनच्या वरच्या आळीला एक. माघात इथल्या पक्षिमंडळाच्या शिवानी मॅडमनी जाहीर केले की, गावातले पक्षी कमी झाले आहेत, दोन्ही आळ्यांनी आपापले तळे सुधारावे; ज्या तळ्यावर पक्षी परततील तिथे दर रविवारी शाळेच्या मुलांना पक्षी दाखवायला नेतील आणि तिथे ‘पक्षिमित्र’ म्हणून एकाचे नाव पाटीवर लागेल. मामा, मी नववीत शाळा सोडली. माझे नाव आजवर कुठल्याही पाटीवर लागलेले नाही. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांचीच प्रमाणपत्रे काढतो.

म्हणून मी जीव ओतला. शेवाळ काढले, लव्हाळे मुळासकट उपटले, काठाला जांभ्याचे चिरे बसवून त्यांना चुना दिला, जास्वंदीच्या कुंड्या मांडल्या आणि ‘पक्ष्यांना त्रास देऊ नये’ असा फलक स्वतः रंगवला. तळे इतके स्वच्छ झाले की तळाची चप्पल दिसते. पक्षी मात्र एकही नाही. रतनने काय केले? मॅडम म्हणाल्या तसे लव्हाळे वाढू दिले, पाण्यात पडलेले झाड तसेच ठेवले, प्लास्टिक तेवढे उचलले आणि काठावर बिडी ओढत बसला. आषाढ संपेपर्यंत त्याच्याकडे कमळपक्षी, टिबुकल्या, अडई, पाणकोंबड्या, जणू काय लग्नघर!

हे सरळ मार्गाने होणे शक्य नाही, अशी माझी खात्री झाली. तो तांदूळ टाकत असणार. त्याला रंगेहाथ पकडावे म्हणून मी अडतीस दिवस रोज पहाटे त्याच्या केवड्याच्या बेटात लपून बसलो. (केवड्याच्या काट्यांविषयी इथे लिहीत नाही, हे पत्र मामीही वाचणार.) कुठला पक्षी, किती, किती वाजता, कुठून आला, काय खाल्ले, सगळे वहीत टिपले. दुसऱ्याच दिवशी रतनची आई, गोदूकाकू, बेटात डोकावली. “दत्तू, बाला, चिखलात कशाला बसतंस? ह्यो पाट घे. च्या हाय, घे गरम.” त्यानंतर रोज चहा आला. रतन काठावरून ओरडायचा, “काय दत्तूशेठ, आज किती?” मी उत्तर देत नसे. लपलेल्या माणसाने उत्तर देऊ नये. अडतीस दिवसांत त्याने तांदळाचा एक दाणा टाकला नाही. यावरूनच तो किती सावध आहे ते पाहा.

परवा निकाल होता. मॅडमनी दोघांकडे पक्ष्यांच्या नोंदी मागितल्या. रतनने डोके खाजवले. त्याने काहीच लिहिलेले नव्हते. मामा, त्या क्षणी मला जे सुख झाले ते पाप असेल तर असो. मी उभा राहून आक्षेप घेतला की, नोंद नाही तर हा बाद. शिवाय याच्या तळ्यावर एवढे पक्षी येणे संशयास्पद आहे, हा पाहा माझा तपास. आणि वही मॅडमच्या हातात दिली.

त्यांनी ती पंधरा मिनिटे वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या की, इतकी बारीक आणि शुद्ध नोंद त्यांनी आजवर पाहिली नव्हती. सतरा जातींचे पक्षी, दोन घरटी, सहा पिल्ले, सगळे तारीखवार सिद्ध. वरची आळी पहिली! टाळ्या झाल्या. गोदूकाकूने सर्वांत जोरात वाजवल्या, आणि त्याही माझ्याकडे बघून. पाटीवर रतनचे नाव लागले.

त्या तळ्याकडे मी पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे आपल्या आळीत मी मारुतीसमोर सांगितले आहे.

आपला आज्ञाधारक,
दत्तात्रेय

ता. क. : रविवारी मुलांना माहिती द्यायला माणूस लागतो आणि रतनला बगळा सोडून काही ओळखता येत नाही. मॅडमनी मला विचारले. मी नाही म्हणणार होतो, पण पाणकोंबडीची पिल्ले याच आठवड्यात पाण्यात उतरतील. तरी आपण शनिवारीच यावे, आणि रविवारी सकाळी माझा शर्ट घालून आपल्या आळीच्या तळ्यावर पाठमोरे बसावे. मागून आपण दोघे सारखेच दिसतो. काम काही नाही. पक्षी येत नाहीत.

ता. क. दुसरा : आज एक आला. खंड्या. आपल्या चिऱ्यावर मोजून चार मिनिटे बसला. रतनला सांगितलेले नाही. तो म्हणेल, माझ्याच तळ्यावरून उडाला. (तिथूनच उडाला. मी तिथेच बसलो होतो, मागोमाग धावत आलो.)