पावणं उठेपर्यंत

शनिवार, ११ डिसेंबर १९९९
कुरुंदवाडजवळचा मळा

पोचलो बाई एकदाचे! दिवाळीआधी अकोल्याहून बदली होऊन मी कोल्हापुरात आले, तेव्हापासून ऑफिसातला बसवेश आपल्या काकूच्या मळ्याचं कौतुक ऐकवून माझे कान किटवत होता. आज शेवटी निघालो. बसवेश, हुस्ना, शिवप्रसाद आणि मी, सगळे एकाच ऑफिसातले. जीप शिवप्रसादच्या भावाची, आणि गाण्याच्या भेंड्यांत हुस्नानं आम्हा तिघांना पार लोळवलं.

घर कौलारू, छोटंसं. चारी बाजूंना ऊस, डोक्याच्या वर गेलेला. काकू म्हणजे गौराबाई, गड्यांना हाताशी धरून एकट्या शेती करतात. बोलतात कमी, पण वाढतात असं की माणसाला जागचं हलता येऊ नये. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली होती, वर तुपाची धार. मी इतक्यांदा मागून घेतली की शिवप्रसादनं विचारलं, विदर्भात दुष्काळ पडलाय का. मी त्याला कोपरानं ढोसलं. मला तो आवडतो. लिहून टाकलं, सुटले.

एकच गोष्ट विचित्र वाटली. आम्ही जेवायला बसलो तशी गौराबाईंनी दाराला आतून कडी घातली. कुत्री येतात म्हणाल्या. मला तर सबंध मळ्यात एकही कुत्रं दिसलं नाही.

रविवार, १२ डिसेंबर
कोल्हापूर

घरी आले. काय झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

दुपारी आम्ही ताटं घेऊन बांधावर बसलो. एवढं छान ऊन सोडून आत कशाला कोंडून घ्यायचं, असं बसवेशचं म्हणणं. गौराबाई तेव्हा गोठ्यात होत्या. वाटेनं एक बैलगाडी गेली, तर शिवप्रसादनं गाडीवाल्याला जेवायला या म्हणून हाक दिली. तो ‘जेवा, जेवा’ म्हणत पुढं गेला. शिवप्रसादनं मला समजावलं, इकडं जेवताना कुणी दिसलं की बोलवायचंच. आणि आपल्याला कुणी बोलावलं तर ‘येतो की’ म्हणायचं, मग जायचं असो वा नसो.

मला गंमत वाटली. उसाच्या कडेला एक माणूस उभा होता. मी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडले, “या पावणं, जेवायला!” माझ्या कोल्हापुरीला सगळे हसले.

तो आला.

शिवप्रसादच्या शेजारी मांडी घालून बसला. शिवप्रसादनंच त्याला वाढलं. सदरा, धोतर, वय सांगता येणार नाही असा चेहरा. नुकतंच पाणी पाजलेल्या सरीतून चालत आला, पण पायाला चिखल नव्हता. जेवत होता आणि ताटाला आमटीचा डागही लागत नव्हता. भाकरीची बुट्टी रिकामी झाली तरी त्याची नजर ताटावरच. हुस्ना घाबरून उठायला लागली, तेवढ्यात मागून गौराबाई ओरडल्या, “बसा खाली! पावणं उठल्याबिगर कुणी उठायचं न्हाय!”

त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते आणून वाढलं. शेवटी तो उठला आणि शिवप्रसादला म्हणाला, “लई वाढलासा. आता तुमी यायचं आमच्याकडं जेवाय.”

शिवप्रसाद पडला कोल्हापूरचा. हसून म्हणाला, “येतो की!”

गौराबाई त्याच्या तोंडावर हात ठेवायला धावल्या, पण उशीर झाला होता. तो उसात शिरला, पण एक पानही सळसळलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. बसवेशच्या जन्माआधी त्यांच्या धाकट्या दिरानं त्या माणसाला हेच उत्तर दिलं होतं. नंतर घरचं अन्न त्याच्या घशाखाली उतरेना. वाळत वाळत गेला आणि एके दिवशी उसात निघून गेला. ऊस तोडून रान मोकळं केलं तरी तो सापडला नाही. आधी का सांगितलं नाही म्हणून बसवेश चिडला. “नाव काढलं की येतंय, म्हणून,” गौराबाई म्हणाल्या.

मंगळवार, १४ डिसेंबर

शिवप्रसादनं डबा उघडला आणि झाकून ठेवला. मातीसारखं लागतं म्हणाला. मी चेष्टेवारी नेलं, बळेच एक घास भरवला. त्यानं बाहेर जाऊन ओकून टाकला. कालपासून पोटात काही नाही. मला भीती वाटतेय.

गुरुवार, १६ डिसेंबर

त्याला सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणतात, रिपोर्टात काही नाही. गाल आत गेलेत. भूक नाही असंही नाही, भुकेनं कळवळतोय. मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, “पंगत बसलीया तिथं. वास येतोय बघ.” आणि कॉटखाली चपला शोधायला लागला. आम्ही तिघांनी दाबून धरला.

हाक मी मारली होती. मी.

शनिवार, १८ डिसेंबर

एकटीच मळ्यावर जाऊन आले. गौराबाई सांगायला तयार नव्हत्या, मी पाय धरले. “ज्यानं पयली हाक दिली त्यानंच परत बोलवायचं, आपल्या दारात. त्यो पावणा हाय तवर त्येला दुसऱ्याला जेवाय घालता येत न्हाय.” त्यांच्या दिराच्या वेळी हाक मारणाऱ्याची छाती झाली नव्हती.

तो पोट भरून उठला की सगळं सुटतं. तो उठायच्या आत मात्र आपण उठायचं नाही. आणि पोट भरलंच नाही तर? दुसऱ्या वेळी त्याची भूक मोठी असते, एवढंच म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “नगं करूस, पोरी.”

शिवप्रसादला आज बसता येत नव्हतं.

रविवार, १९ डिसेंबर

घरमालकीण तानाबाई पेठ वडगावला लेकीकडं गेल्यात, बरंच झालं. सकाळपासून रांधतेय. भाकऱ्या वाकड्यातिकड्या झाल्या. सगळं हाताशी मांडलंय, उठायला लागू नये म्हणून. दुपारी वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून हाक दिली. रस्त्यावरची पोरं हसली.

आला.

वही मांडीवर घेऊन लिहितेय. काहीतरी करत राहिले नाही तर ओरडेन. तो जेवतोय. ताट स्वच्छच.

भाताचं पातेलं संपलं. भाकऱ्याही —

हुस्ना खाली रस्त्यावरून हाका मारतेय. शिवप्रसाद जेवला! वरणभात, मागून मागून! मला रडू फुटलं. ती वर येते म्हणाली. नको! वर आली की तीही या पंगतीत अडकणार, हा उठेपर्यंत तिलाही उठता येणार नाही. बरं नाही, झोपतेय म्हणून ओरडले. गेली.

शिवप्रसाद जेवला. परत एकदा लिहावंसं वाटलं.

पीठ कोरडंच वाढलं. गूळ. मीठ. तेलाची बाटली —

उठत नाही. माझे पाय बधिर — हलायचं नाही, हलायचं नाही —

संपलं, मी म्हटलं. खाण्यासारखं काही नाही राहिलं, पावणं. त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. हसला. “हाय की,” म्हणाला. आणि माझा डावा हात उचलून ताटात —