नऊ सारखे तुकडे

१ जुलै, सोमवार
सैनिकी अकादमीत पहिला दिवस. घरच्यांचा निरोप घ्यायला नव्वद सेकंद दिले. मी साठात आटोपलं. आई रडत होती.
वरिष्ठांनी जाब विचारला की नव्या कॅडेटला फक्त चार उत्तरं द्यायची मुभा आहे: होय, नाही, समजलं नाही, आणि सबब नाही. मला पहिली तीन पुरतील.
आमच्या नऊ जणांच्या स्क्वॉडची प्रमुख कॅडेट स्टॅनफिल, तिसऱ्या वर्षाची. ती म्हणाली, सहा आठवड्यांनी तुम्हीच एकमेकांना क्रमांक द्याल, आणि जो शेवटचा येईल तो मेजरसमोर उभा राहील. तिथून काही जण थेट घरी जातात.
संकल्प: पहिला क्रमांक. आईच्या शाळेत, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, मी बारा वर्षं सलग पहिली आले. (वर्गात मी आणि धाकटा एनॉस.)

३ जुलै, पहाटे ५.१०
न्हाणीघराच्या जाळीत चार रंगांचे केस. एकही माझा नाही. तरी मीच काढले, आणि प्रत्येकीला तिचे तिचे दाखवले. आभार कुणीच मानले नाहीत.
खोलीत माझ्याबरोबर ट्रुहियो आहे, न्यू मेक्सिकोची. ती अंथरुणात शिरतच नाही, पांघरुणाच्या वर झोपते, म्हणजे सकाळी आवरायला नको. सगळे तसंच करतात म्हणे. शी! आवरलेलं अंथरूण दाखवायचं आणि आवरायचं मात्र नाही. मी रीतसर आत झोपते.

४ जुलै
अंथरूण आवरता आवरता हजेरीला उशीर. सगळ्या स्क्वॉडला चाळीस जोर. चूक घड्याळाची. ट्रुहियो म्हणाली, अगं बाई, हात जोडते, वर झोप! तिला माफ केलं.

१२ जुलै, शुक्रवार
जेवताना पाठ ताठ, नजर ताटात, घास चिमणीएवढा. नाश्त्याला भुकटीच्या अंड्यांचा पिवळा लगदा. समोरचा बीमन त्यावर लाल सॉस ओततो आणि मचमच चावतो. तो आवाज मला दातांत जाणवतो.
टेबलावरचं गोड नव्या कॅडेटने कापायचं असतं. जितके खाणारे तितके तुकडे, अगदी सारखे. उद्या माझी पाळी. घरी सात जणांत केक मीच कापायची. पुठ्ठ्याचा साचा केला आहे. आम्ही नऊ (स्टॅनफिल गोड खात नाही), दर तुकडा चाळीस अंश.

१३ जुलै
चेरीचा केक. साचा माझ्या घामाने मऊ पडला (इथला पुठ्ठा भिकार आहे) आणि नववा तुकडा बारीक निघाला. ट्रुहियोने पटकन त्यावर चमचाभर क्रीम थापलं. स्टॅनफिल बघून म्हणाली, झकास. टेबलाने श्वास सोडला.
मग मी सांगितलं, की मॅडम, नववा तुकडा चौतीस अंशांचा आहे आणि ट्रुहियोने तो क्रीमखाली लपवला आहे.
केक परत गेला. गोड आठवडाभर बंद. ट्रुहियोला रायफल घेऊन अंगणात तासभर फेऱ्या. बीमनच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं धैर्य बघून असावं.

१४ जुलै, रविवार
आईला पत्र. लिहिलं, की इथे माझा इतका मान आहे, मी आले की सगळे बोलायचे थांबतात.

२४ जुलै
लिंडक्विस्ट म्हणायचं सोडून सगळे मला चौतीस म्हणतात. टोपणनाव आवडत्या माणसालाच मिळतं.

९ ऑगस्ट
उद्या शेवटची चाल, बारा मैल. ट्रुहियो टाचांना चिकटपट्टी लावत होती. म्हणाली, आण पाय, तुझ्याही लावते. त्याच हातांनी! त्याच रोलमधली! नको म्हटलं. माझी कातडी चांगली आहे.

१० ऑगस्ट
चौथ्या मैलाला दोन्ही टाचा फुटल्या. मोजे चिकटले. वास लिहवत नाही. सातव्या मैलाला ट्रुहियोने न विचारता माझ्या पिशवीतला तंबू काढून स्वतःच्या पाठीवर टाकला. तिला सेवेची संधी मिळावी म्हणून मी अडवलं नाही. बीमन म्हणाला, चौतीस, पाय उचल, नाहीतर तुझा कोन मोजून वर कळवीन. सगळे हसले. जवळीक वाढते आहे.

११ ऑगस्ट, रविवार
क्रमांकांचे कागद भरून दिले, सही आणि कारणांसकट. ट्रुहियोला आठवा, म्हणजे शेवटचा. जीवावर आलं, पण क्रीम ते क्रीमच. तंबूचा वेगळा उल्लेख केला.

१२ ऑगस्ट
स्टॅनफिलने निकाल वाचला. नववी मी. सात जणांनी मला शेवटचं टाकलं. एकीने पहिला क्रमांक दिला, ट्रुहियोने. कारण लिहिलं होतं: ही जे बोलते ते तोंडावर बोलते. लढाईत मला ही शेजारी हवी. जेवायला नको.
तीन वाजता मेजर. त्यांच्यासाठी सात मुद्दे तयार केले होते. त्यांनी विचारलं, तुझा तंबू कुणी वाहिला? ट्रुहियोने, सर. तिला कितवा क्रमांक दिलास? आठवा, सर. का?
मुद्दे आठवले. एकही वापरला नाही.
सबब नाही, सर.
त्यांनी माझा कागद घडी घालून खणात ठेवला. म्हणाले, डिसेंबरपर्यंत बघू. जा.

१३ ऑगस्ट
पुन्हा चेरीचा केक, पुन्हा माझी पाळी. साचा घेतला नाही. ट्रुहियोचा तुकडा पन्नास अंशांचा कापला, माझा तीसचा. दोन्हींवर क्रीम थापलं. आयुष्यातली पहिली लबाडी. स्टॅनफिल म्हणाली, झकास.
तेवढ्यात ट्रुहियो ताठ बसून म्हणाली, मॅडम, माझा तुकडा मोठा आहे आणि लिंडक्विस्टने तो क्रीमखाली लपवला आहे.
केक परत गेला. बीमनने कपाळ टेबलावर टेकवलं.
तासभर अंगणात फेऱ्या. खिडकीत आठ जण. चौतीस, पाय उचल! सगळ्यांत मोठा आवाज ट्रुहियोचा.
टाचा पुन्हा फुटल्या. खोलीत आले तर माझ्या पांघरुणावर तिचा चिकटपट्टीचा रोल. उरलेली पट्टी थोडीच. वास तिच्या पायांचा.
लावली. पांघरुणाच्या वरच आडवी झाले.