बाळंतीण मांजर आणि माझं सतरावं पान

सुरत,
सोमवार, १६ फेब्रुवारी

आदरणीय दाजी,

नागनाथचा सप्रेम जय भीम. ताईला जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

मी, अंजना आणि राखी, आम्ही सर्व ठीक. तुमचा डावा गुडघा कसा आहे? ताईची रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? (जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टरला विचारून पाकिटावर लिहून ठेवा.) दिवाळीपासून तुमचा फोन नाही. मी पाच वेळा लावला. पाचही वेळा ताईने उचलला आणि तुम्ही रानात गेलात असं सांगितलं. त्यातल्या दोन वेळा मागून तुमचा खोकला स्पष्ट ऐकू आला. म्हणून हे पत्र. पत्राला रानात जाता येत नाही.

तर काल रविवारी माझं भाषण झालं. आमच्या विहाराच्या वाचनालयात वीस वर्षं मी मागच्या बाकावर बसून वक्त्यांच्या चुका वहीत टिपत आलो, हे तुम्हाला माहीत आहे. सचिव धम्मरत्न म्हणाला, "काका, एकदा तुम्हीच बोला, म्हणजे आम्हालाही टिपता येईल." (मी हसलो नाही.) विषय मी निवडला: जीवनातला आणि साहित्यातला प्राणी. माझी शाळा नववीपर्यंत, हुद्दा सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लूम मास्टर, म्हणजे बंद पडलेला माग चालू करणारा; बाकी जे काही आहे ते स्वतः वाचून मिळवलेलं. अडतीस पानं लिहिली, एका बाजूने, समास सोडून. मुख्य मुद्दा असा की लिहिणाऱ्याने प्राण्याला कधी प्राणी राहूच दिलं नाही. कोल्ह्याला लबाड केलं, गाढवाला मूर्ख केलं आणि स्वतः मात्र शहाणा उरला. त्या पानांची झेरॉक्स दिवाळीत तुम्हाला अभिप्रायासाठी पाठवली होती. पान सतरा तुम्ही वाचलं असेलच. 'परभणी जिल्ह्यातील एका गृहस्थाने म्हातारी शेळी मेली म्हणून दोन दिवस अन्न घेतले नाही. जनावरासाठी रडणे हा अडाणीपणाचा नमुना होय' असं तिथे आहे. नाव मी कुठेही घातलेलं नव्हतं.

तारीख दोनदा पुढे जाऊन १५ फेब्रुवारी ठरली आणि ६ तारखेला, शुक्रवारी, पहिल्या पाळीवरून घरी आलो तर माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात एक मांजर चार पिल्लांना घेऊन पडलेली. मांजर आमची नव्हे. कपाटाचं दार मी रोज बंद करतो. त्या दिवशी राखीने शब्दकोश काढला आणि दार उघडं ठेवलं. (मुलगी शब्दकोश उघडते याचा आनंद मानावा की दार लावत नाही याचा राग धरावा, हे अजून ठरलेलं नाही.) खालच्या खणात काय होतं हे तुम्ही ओळखलंच असेल. अडतीस पानं, उपडी ठेवलेली, म्हणजे अडतिसावं सर्वांत वर. बाळंतपण त्याच्यावर झालं.

मी हात घालणार तोच अंजना आडवी आली. बाळंतिणीला उठवायचं नाही, सव्वा महिना कपाटाला हात लावायचा नाही, असं तिने जाहीर केलं. मी म्हणालो, सव्वा महिना माणसाचा असतो, मांजरीला तो लागू असल्याचं कुठल्याही पुस्तकात नाही. ती म्हणाली, "पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी बाळंत कोण झालं होतं?"  संध्याकाळपर्यंत खणाला जुन्या लुगड्याचा पडदा लागला, ट्यूबलाइट बंद झाली, ओव्याची धुरी दिली गेली. मांजर शिंकली. अंजना म्हणाली, लागू पडली.

खाली घरमालकीण कोकिळाबेन. त्यांना कळलं तशा त्या जिना चढून आल्या. "नागनाथभाई, बिचारी सुवावडी छे, एने हलावशो नहीं," म्हणजे बाळंतिणीला हलवू नका, असं म्हणाल्या आणि तुपातला शिरा पाठवला. इकडे गल्लीतली कुत्री व्याली की तिला शिरा घालतात, तोच रिवाज त्यांनी मांजरीला लावला. मांजरीने तोंड लावलं नाही, म्हणून तो मी खाल्ला. तीन दिवस. चौथ्या दिवशी अंजनाने धीर करून सुकट भाजली. आता दाजी, या घरात आम्ही चौदा वर्षं भाडेकरू आहोत आणि चौदा वर्षांत सुकटीचा वास जिन्यात जाऊ दिलेला नाही, तशी अटच आहे. मी दारामागे उभा राहून बोलणी ऐकायची तयारी केली. कोकिळाबेन आल्या, नाकाला पदर लावला, विचारलं, कोणासाठी? अंजनाने मांजरीकडे बोट दाखवलं. बाई "भले" म्हणून खाली गेल्या. जी परवानगी माणसांना चौदा वर्षांत मिळाली नाही ती मांजरीला चौथ्या दिवशी मिळाली. हा मुद्दा माझ्या अडतीस पानांत कुठेही नाही.

मला एकच आशा होती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. मी हिशेब केला: नऊ दिवसांत सात नाही तरी एक घर तरी ती बदलेल आणि पानं मोकळी होतील. तिला सोपं जावं म्हणून कारखान्यातून सुताच्या कोनांचा (म्हणजे शंकूसारख्या रिळांचा) रिकामा खोका आणला, आत चिंध्या घातल्या आणि वर खडूने 'घर क्र. २' असं लिहिलं. शेजारचा वाल्मिक, धुळ्याकडचा, दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "मास्तर, मांजरले वाचता येस का?" मी खडूचा आकडा आणखी ठळक केला. आणि वहीत रोज नोंद केली. सोमवार, हलली नाही. मंगळवार, हलली नाही. बुधवारी रात्रपाळीमुळे नोंद नाही. शुक्रवारी पिल्लांचे डोळे उघडायला लागले. पहिलं डोळा उघडणारं तांबडं, उजवा डोळा आधी, सकाळी सहा चाळीस. (हे मी भाषणासाठी टिपलं नव्हतं. मग कशासाठी टिपलं, ते विचारू नका.)

काल, म्हणजे भाषणाच्या सकाळी, तिने स्वतः एकेक पिल्लू मानेला धरून खोक्यात नेलं. वाल्मिकला बोलावून दाखवलं. पानं हातात आली ती अशी: एक ते सोळा स्वच्छ, सतरापासून अडतीसपर्यंत एकच लगदा, पापडासारखा वाळलेला.

सभेला एक्केचाळीस माणसं. सोळा पानं मी वाचली. बारा जण झोपले होते, हे वाचता वाचता मोजलं. सतरावं मला तोंडपाठ होतं. मी मान वर केली, "परभणी जिल्ह्यातील एका गृहस्थाने" एवढं म्हणालो आणि पेला उचलला. पाणी प्यालो. मग म्हणालो, ते गृहस्थ माझे दाजी आहेत. त्यांची बिजली नावाची शेळी होती. आटली तरी त्यांनी विकली नाही, मेली तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत, आणि मी त्यांना अडाणी लिहिलं. मग मांजरीचं सगळं सांगितलं, शिऱ्यासकट. झोपलेले उठले. टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरांत धम्मरत्नने वही काढून विचारलं, बिजली गेली तेव्हा किती वर्षांची होती? दाजी, मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तपशील नव्हता. त्याने तेवढंच टिपून घेतलं.

बाकी इकडचं हवामान बरं आहे. ताईला सांभाळा.

आपला,
नागनाथ

ता. क. १: धम्मरत्नला स्मरणिकेसाठी पूर्ण भाषण हवं आहे. शाबूत प्रत आता फक्त तुमच्याकडे. झेरॉक्स पोस्टाने पाठवावी. सतरावं पान पाठवू नये. चुलीत घालावं.

ता. क. २: चार पिल्लांपैकी एक तुम्हाला देण्याचा विचार होता. अंजना नको म्हणते. तांबड्याबद्दल माझंही तेच मत आहे. बाकीच्या तिघांबद्दलही.

ता. क. ३: बिजलीचं वय सांगावं. पत्राने नको, पत्रात आकडा चुकीचा वाचला जातो. फोन करून सांगावं, आणि ताईमार्फत नाही. या रविवारी मला सुट्टी आहे. सकाळी सहापासून मी फोनजवळच आहे.