जुन्या गाडीचे नवे ब्रेक

९ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना गॅरेजच्या कोपऱ्यातली धूळसुद्धा दिसते आणि बोलणी मला बसतात. वहिनीला सांग, स्वेटर जरा घट्ट होतो, तरी मी तोच घालते.

बातमी अशी, की मी घाटातल्या शर्यतीत उतरले. आपल्याच जुन्या गाडीतून. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

उन्हाळ्यात मी गाडीवरची ताडपत्री काढली, तेव्हा बाबा दोन दिवस माझ्यासोबत जेवायला बसले नाहीत. मी म्हटलं, भंगारात घालायची तर घाला, पण नुसती झाकून ठेवायची नाही. ते गप्प राहिले. मी त्याला होकार समजले. इंजिन उतरवून नवे पिस्टन घातले, क्लच बदलला, आत पाइपांचा पिंजरा बसवला, खांद्यावरून येणारे पट्टे लावले. शर्यत हौशी लोकांची असली तरी तपासणी कडक असते. आजीबाईंना पळायचे बूट घातल्यासारखी दिसते आता गाडी.

ब्रेकचं काम मात्र मी पुढे ढकलत राहिले. या पत्रातही तेच करते आहे.

जुने ड्रम काढून पुढे डिस्क ब्रेक बसवायचे होते, म्हणून गाडीखाली शिरले. ब्रेकची नळी सायलेन्सरच्या पट्टीला घासून झिजली होती. तिला भोक पडलं होतं. तुझ्या अपघाताच्या दिवशी ब्रेकचं सगळं ऑइल तिथूनच गेलं असणार, म्हणून ब्रेक लागलाच नाही. ती पट्टी कंपनीची नव्हती. तुझ्या शर्यतीआधी बाबांनी स्वतः बनवून लावली होती. त्यांचं वेल्डिंग मी कुठेही ओळखीन.

दादा, सगळे म्हणायचे, तुला वेगाची मस्ती नडली. तुझा पाय गेला, आणि वर हे ऐकून घेऊन तू घर सोडलंस. सर्वांत मोठ्याने बाबाच म्हणायचे.

मी ती नळी त्यांच्या हातात दिली. भोकावर अंगठा ठेवून ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "हे त्याला मी सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी गॅरेजमध्ये हजर. नवी नळी त्यांनीच वळवली, पट्टीपासून चांगली लांबून नेली, आणि मी कंटाळेपर्यंत मला पेडल दाबायला लावलं.

काल शर्यत झाली. तू जिथे कठड्यावर आदळलास, त्या वळणाआधी, खोटं कशाला सांगू, जरा लवकरच ब्रेक दाबला. गाडी नाक खाली घालून शहाण्यासारखी वळली. बाबा तिथेच उभे होते. मी पुढे गेल्यावर त्यांनी वाकून रस्त्यावर ऑइलचा डाग पडलाय का ते पाहिलं, असं नंतर कळलं. माझा नंबर खालून तिसरा, पण वर पोचले.

नळी सापडल्यापासून ते रोज तुला पत्र लिहायला बसतात आणि 'प्रिय' लिहून उठतात. म्हणून मी लिहिते आहे. त्यांना माफ कर असं म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव. पण हे त्यांनी तुझ्यासमोर बोललं पाहिजे, आणि तू ऐकलं पाहिजेस. तू इकडे येणार नाहीस, हे मला माहीत आहे. तेव्हा येत्या शनिवारी त्यांना शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून, याच गाडीतून, मी तुझ्या दारात आणते आहे.

दार उघड.

तुझी, कुणाचंही न ऐकणारी,
छोटी